तुळसाबेट

टीचरची छत्री उघडली की उत्तर गोलार्ध दिसायचा. काळ्या कापडावर त्यांनी पांढऱ्या तेलरंगानं अक्षांश आणि रेखांश ओढलेले होते. टोकाला ध्रुव, आणि सगळ्या पांढऱ्या रेघांत एकच रेघ लाल. ती बेळगावच्या अक्षांशाची. पाऊस असो वा ऊन, शहापूरहून कॅम्पातल्या आमच्या शाळेपर्यंत टीचर त्या गोलार्धाखालून चालत यायच्या. नऊवारी साडी, पायात पुरुषी कॅनव्हासचे बूट आणि चालण्याला एक ठेका. शहापुरात त्या एका विणकराच्या घरी माडीवर राहायच्या. खाली दिवसभर माग चालायचा. त्या मागाचा ठेकाच पायांत उतरलाय, असं शिपाई आप्पा म्हणायचे.

"टीचर, दक्षिण गोलार्ध कुठं आहे?" असं कुणीतरी दर वर्षी विचारायचंच.

"त्यात मी उभी आहे की," त्या म्हणायच्या.

आमची शाळा मुलींची, इंग्रजी माध्यमाची, मिडल स्कूलपर्यंतची. आवारात मराठी बोललेलं मोठ्या बाईंना, म्हणजे आमच्या हेडमिस्ट्रेसना, खपायचं नाही. टीचर भूगोलाचा तास इंग्रजीतूनच सुरू करायच्या, पण पाऊस आला, ऊन आलं, माती आली की मराठीत उतरायच्या. 'रेन' म्हणजे बेळगावचा पाऊस नव्हे, असं त्यांचं ठाम मत होतं. जून ते सप्टेंबर त्या जवळजवळ गप्पच असायच्या. वर्गात दिवसा कंदील लागायचा, कौलांवरचा आवाज इतका असायचा की शिकवलेलं शेवटच्या बाकापर्यंत पोचायचंच नाही. मग त्या फळ्यावर नुसत्या नद्या काढत बसायच्या आणि आम्ही त्या वहीत उतरवून घ्यायचो. गणपती झाले, ढग जरा उचलले, की एके दिवशी फाटकाजवळ त्यांचा आवाज ऐकू यायचा.

"काय बातमी गं?"

त्यांच्या तोंडी 'गुड मॉर्निंग' कधी आलं नाही. समोर येईल तिला त्या बातमी विचारायच्या. आणि मुलीनं काही सांगितलं की लगेच दुसरा प्रश्न, "पाहिलंस का ऐकलंस?" ऐकलेलं त्यांच्याकडे चालत नसे. ते दिवस लढाईचे होते. घरोघरी वर्तमानपत्र मोठ्यानं वाचलं जायचं, कुठली शहरं पडली आणि कुठल्या बोटी बुडाल्या ते मुलींना पाठ असायचं. टीचर शांतपणे ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "बरं. आता तुझी सांग."

फाटकाच्या आत, रस्त्यावरून दिसेल असा एक काळा फळा होता. त्यावर रोज एक बातमी लिहायची आणि खाली 'पाहणारी' असं लिहून आपलं नाव घालायचं, ही टीचरची पद्धत. आश्विनात त्या फळ्याला बहर यायचा. 'विहिरीची एक पायरी उघडी पडली.' 'कुंपणावरच्या तेरड्याची बोंडं फुटायला लागली.' 'आप्पांनी आज घोंगडं घरी ठेवलं. पावसाळा संपला.' ही शेवटची बातमी वाचून आप्पा दोन दिवस ऐटीत होते. तिसऱ्या दिवशी जोराची सर आली आणि भिजत फाटक उघडताना ते टीचरना म्हणाले, "तुमच्या छापण्यापायी मला सर्दी झाली बघा."

मी त्या फळ्यावर कधी काही लिहिलं नव्हतं. दिसायचं मला पुष्कळ. पण बातमी आधी टीचरना मोठ्यानं सांगावी लागे, आणि माझा आवाज गळ्यातच कुठंतरी बसलेला असायचा. टीचरना ते ठाऊक असावं. मलाही त्या रोज "काय बातमी?" म्हणून विचारायच्या, थोडा वेळ थांबायच्या, आणि मी काही बोलले नाही की मान हलवून पुढं जायच्या, जणू मी सांगितलं आणि त्यांनी ऐकलं.

आमच्या इंग्रजी रीडरमध्ये 'ऑटम' नावाचा धडा होता. त्यात पानं पिवळी होऊन गळत होती आणि मुलं त्यांचे ढीग करत होती. तो धडा काही टीचरच्या तासाचा नव्हे, पण कुणीतरी ऑक्टोबर म्हणजे ऑटम असं उत्तर दिलं आणि त्यांनी पुस्तक मागून घेऊन तो उभ्यानं वाचला. मग सगळ्या वर्गाला बाहेर नेऊन आंब्याखाली उभं केलं.

"बघा गळतात का."

आम्ही माना वर करून उभ्या. ऊन पानांतून खाली येत होतं, कोवळं आणि किंचित ओलं. भिंतीपलीकडच्या शेतात भात पिवळं व्हायला लागलं होतं, त्याचा वास येत होता. काही मुलींचे डोळे मिटत होते. टीचर स्वतः झाडाच्या बुंध्याला टेकून, छत्री मिटून, वर बघत होत्या. बराच वेळ झाला आणि एक काळं काहीतरी गिरक्या घेत आलं आणि गवतावर पडलं. कावळ्याचं पीस.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर बातमी होती: 'काल ऑटमची वाट पाहिली. कावळ्याचं पीस पडलं.' पाहणारी म्हणून सगळ्या वर्गाचं नाव होतं. त्यात मीही होते, हे मी घरी जाईपर्यंत मनात घोळवत राहिले.

पण टीचरचा खरा सण म्हणजे नकाशे वाळवायचा दिवस. चार महिन्यांच्या ओलीनं शाळेतल्या सगळ्या वस्तूंना वास यायचा. घटस्थापनेच्या आसपास एक स्वच्छ दिवस बघून टीचर आणि आप्पा भूगोलाच्या खोलीतले सगळे नकाशे काढून आवारातल्या गवतावर पसरायचे. आशियाशेजारी युरोप, युरोपशेजारी मुंबई इलाखा, आणि मधोमध जगाचा मोठा नकाशा. चारी कोपऱ्यांवर दगड. वारा आला की अटलांटिक फुगायचा. एकदा कुणाची तरी शेळी शिरली आणि आफ्रिकेतून चालत गेली.

"टीचर, ह्यो समुद्र लई वास मारतोय," आप्पा नाकाला धोतराचा सोगा लावून म्हणायचे.

"समुद्राला वास असतोच आप्पा. तुम्ही पाहिलाय का कधी?"

"न्हाय बा. पर ह्यो काय माशाचा वास न्हाय, बुरशीचा हाय."

बुरशी होतीच. जगाच्या नकाशामागची भिंत पाझरायची, आणि जिथं जिथं पाणी कागदापर्यंत पोचे तिथं बुरशीचे करडे ठिपके उमटायचे. जमिनीवरचे ठिपके टीचर कोरड्या फडक्यानं झटकून टाकायच्या. पण समुद्रातल्यांना त्या हात लावत नसत. ती बेटं. ज्या मुलीला बेट आधी दिसेल तिचं नाव त्याला. मग त्याचे अक्षांश-रेखांश काढायचे, तिथं पाऊस कसा असेल, काय पिकेल, प्यायचं पाणी कुठून आणतील, सगळं सांगायचं. खऱ्या देशांचा भूगोल आम्ही पाठ केला आणि विसरलो. त्या बेटांवरचे वारे मला अजून आठवतात.

मोठ्या बाईंनी एकदा लढाईच्या आघाड्या दाखवायला कागदी निशाणं आणि टाचण्या पाठवल्या होत्या. टीचरनी त्या परत केल्या. "लढाई संपेल," त्या म्हणाल्या, "भोकं तशीच राहतील."

माझ्याच बाकावर तुळसा बसायची. तिचे वडील जंगलखात्यात होते, गाव कणकुंबीच्या बाजूला. बेळगावात ती आत्याकडे राहायची. बोलायला धीट, इंग्रजी बोलतानाही मध्ये 'व्हय' म्हणायची. त्या वर्षी नकाशे वाळत असताना ती गवतावर पालथी पडून अरबी समुद्र बघत होती.

"टीचर! हितं एक हाय!"

टीचर गुडघ्यांवर बसल्या. गोव्याच्या बाहेर, थोडं वर, पोह्याच्या दाण्याएवढा गोल करडा ठिपका. त्यांनी बोट ठेवून रेघ मोजली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अगं, हे तर आपल्या रेषेवर आहे. बेळगावच्या नाकासमोर. इथून सरळ पश्चिमेला चालत सुटलीस तर थेट तुझ्या बेटावर."

"समुद्रातनं चालत?"

"ते तुझं तू बघ."

अशा रीतीनं तुळसाबेट झालं. तुळसानं समुद्र कधी पाहिला नव्हता. तिच्या गावाहून गोवा हाकेवर, पण खाली उतरून कुणी तिला नेलं नव्हतं. आता त्या न पाहिलेल्या समुद्रात तिचं बेट होतं. डब्यातला लाडू मोडताना ती म्हणायची, "आमच्या बेटावर नारळ हायेत गं, तिथं ह्याच्यापेक्षा चांगले होतील."

मी गप्प असल्यामुळे मोठी माणसं माझ्यासमोर बोलायची थांबत नसत. मधल्या सुट्टीत मी ऑफिसच्या व्हरांड्यात खांबाला टेकून बसायचे. तिथं मी ऐकलं. मोठ्या बाई टीचरना सांगत होत्या की दसऱ्यानंतर इन्स्पेक्टर येणार. गेल्या वर्षीच त्यांनी भूगोलाच्या तासाबद्दल शेरा मारला होता. शाळेच्या कमिटीनं मोठ्या मुश्किलीनं टीचरना ठेवलं होतं. या वेळी पुन्हा तसं काही झालं तर दिवाळीनंतर त्यांना यायला सांगता येणार नाही.

"मला तुम्हाला घालवायचं नाहीये," मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज खरोखर थकलेला होता. "तो नकाशा तेवढा पुसून घ्या. एवढं करा माझ्यासाठी."

"पुसते," टीचर म्हणाल्या.

इन्स्पेक्टर यायच्या दिवशी मी सकाळी लवकर गेले होते. भूगोलाच्या खोलीत टीचर ओलं फडकं घेऊन नकाशापुढं उभ्या होत्या. मी दारात थांबले. मोठ्या वर्गात गेलेल्या मुलींची जुनी बेटं त्यांनी एकेक करून पुसली. सावकाश, कुणाचं तोंड पुसावं तशी. मग फडकं पिळून त्या अरबी समुद्राशी आल्या. तेवढ्यात माझ्या मागून तुळसा आत शिरली. तिच्या वेणीत शेवंती होती.

"टीचर, माझं ऱ्हाऊ दे की."

टीचर वळल्या नाहीत.

"पुढल्या वर्षी मी बी मोठ्या वर्गात जाणार. तवा पुसा. एवढ्यात नको."

खाली रस्त्यावरून एक टांगा गेला, त्याचा आवाज संपेपर्यंत टीचर तशाच उभ्या होत्या. मग त्यांनी फडकं खिडकीत वाळत घातलं.

"जा, जागेवर बसा," त्या म्हणाल्या. "हात पुसून बसा."

इन्स्पेक्टर गृहस्थ चांगले होते. पुण्याकडचे असावेत. हॅट हातात धरून त्यांनी आमच्या वह्या पाहिल्या, कुणाच्या अक्षराचं कौतुक केलं. तासभर सगळं नीट चाललं. मोठ्या बाई दाराशी उभ्या होत्या, त्यांच्या खांद्यांवरचा ताण हळूहळू उतरताना मला दिसत होता. उठता उठता इन्स्पेक्टरनी सहज विचारलं, "अरबी समुद्रातली बेटं कोण सांगेल?"

तुळसाचा हात सगळ्यात वर.

"लखदीव, मालदीव, तुळसाबेट."

"कुठलं?"

"तुळसाबेट, सर. ह्ये बघा." ती तडक नकाशापाशी गेली आणि तिनं बोट ठेवलं. "पाऊस भरपूर, माती तांबडी, पीक नारळ आणि नाचणी. वस्ती न्हाय अजून."

मोठ्या बाईंनी डोळे मिटून घेतले. इन्स्पेक्टर चष्मा वर करून नकाशाजवळ गेले. बराच वेळ त्या ठिपक्याकडे बघत राहिले. मग त्यांची नजर पहिल्या बाकावरून फिरली आणि माझ्यावर थांबली.

"तू सांग. हे बेट खरं आहे?"

मी उभी राहिले. टीचरनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या खिडकीबाहेर बघत होत्या, जणू मला मोकळं सोडत होत्या.

"आमच्या नकाशावर आहे, सर," मी म्हणाले. माझा आवाज मला अनोळखी वाटला.

इन्स्पेक्टरनी रुमाल काढला, एक टोक टेबलावरच्या फिरकीच्या तांब्यात बुडवलं आणि ते बेटावर फिरवलं. करडा रंग पसरला, फिका झाला, गेला. रुमालावर डाग आला. आजूबाजूचा समुद्र इतका मळका होता की बेटाच्या जागी एक स्वच्छ निळं वर्तुळ उमटलं.

टीचर खिडकीपासून सावकाश आल्या. त्यांनी खडू उचलला.

"मुलींनो, लिहून घ्या. आजची बातमी. तुळसाबेट बुडालं. वस्ती नसल्यानं जीवितहानी नाही."

इन्स्पेक्टर हसले. अगदी मनापासून, हॅट छातीशी धरून हसले. आम्हाला वाटलं, संकट टळलं. पण हसणं आणि शेरा लिहिणं ही त्यांची दोन वेगळी कामं असावीत. शेरा लिहिला गेला.

मधल्या सुट्टीत तुळसा आंब्याखाली रडत बसली होती. आपल्यामुळे काय झालं ते तिला कळलं होतं की नुसतं बेट गेल्याचं दुःख होतं, मला सांगता येणार नाही. टीचर छत्री उघडून तिच्याजवळ गेल्या आणि ती तिच्यावर धरली.

"रडायला काय झालं गं? बेटं बुडतात, पुन्हा वर येतात. भूगोलातच आहे ते."

"कवा?"

"पावसाळा झाल्यावर."

दिवाळीच्या सुट्टीला शाळा सुटली त्या दिवशी टीचरनी बाकीच्या शिक्षिकांबरोबर निरोपाचा चहाही घेतला नाही. आप्पांनी त्यांची पिशवी फाटकापर्यंत न्यायची म्हणून हात पुढं केला, तर पिशवीच नव्हती. नुसती छत्री.

"एवढ्या वर्सांचं काहीच न्हाय व्हय टीचर न्यायला?"

"नकाशा शाळेचा आहे आप्पा," त्या म्हणाल्या. आणि ठेक्यात चालत गेल्या.

दिवाळीनंतर नवा नकाशा आला. मागे जाड कापड, वर व्हार्निश. ओल धरणार नाही असं दुकानदारानं सांगितलं होतं. नव्या टीचर तरुण होत्या आणि चांगलं शिकवायच्या. निशाणं नकाशावर लागली. फाटकाजवळच्या फळ्यावर वर्तमानपत्रातली बातमी सुंदर अक्षरात उतरवली जाऊ लागली, आणि खाली 'पाहणारी' हा शब्द कुणी लिहीनासं झालं.

जुन्या टीचर शहापुरातच होत्या. माडीवर विणकरांच्या मुलींना शिकवतात असं आप्पा सांगायचे. बाजाराच्या दिवशी मला त्या वर्गाच्या खिडकीतून दिसायच्या. शहापूरहून बाजाराला जायला कॅम्पातून जायची काही गरज नाही, उलट पडतं. तरी त्या यायच्या. फाटकाबाहेर थांबायच्या, चष्मा सावरून फळा वाचायच्या. टँक, बोटी, तह. वाचून झालं की छत्रीची मूठ हातात फिरवून निघून जायच्या. लाल रेघ गिरकी घेऊन वळणावर दिसेनाशी व्हायची.

पुढच्या वर्षी पाऊस नेहमीपेक्षा जास्त रेंगाळला. मग एका सकाळी आप्पा घोंगडं न घेता आले. आभाळ धुऊन वाळत घातल्यासारखं. भूगोलाच्या खोलीत मी नव्या टीचरचं पुस्तक परत ठेवायला गेले होते, एकटीच. खिडकीतून आलेलं ऊन भिंतीवर तिरकं पडलं होतं. नकाशाचं व्हार्निश त्यात चकाकत होतं, एवढी एक जागा सोडून. गोव्याच्या बाहेर, थोडं वर. नकाशा बदलला होता, पण भिंत तीच होती.

मी जवळ जाऊन पाहिलं. गोल, करडं, पोह्याच्या दाण्याएवढं. बोट लावलं नाही.

तो बाजाराचा दिवस होता. प्रार्थनेची घंटा व्हायला वेळ होता. मी फाटकापाशी गेले. फळ्यावर कालची बातमी होती, ती पुसली. खडू ओला होता, नीट उमटेना. दोनदा गिरवून मी लिहिलं, 'तुळसाबेट पुन्हा वर आलं.' त्याखाली 'पाहणारी', आणि त्यापुढं माझं नाव. माझं नाव इतक्या मोठ्या अक्षरात मी कधी पाहिलं नव्हतं. रस्त्यावरून जाणारा कुणीही ते वाचू शकत होता. मला पळून जावंसं वाटलं, पण पाय निघाले नाहीत.

वळणावर लाल रेघ दिसली. ठेका जवळ आला. टीचर नेहमीच्या जागी थांबल्या. त्यांनी वाचलं. चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला, पुन्हा वाचलं. फाटकाच्या गजांमधून त्या माझ्याकडे बघत होत्या. मला वाटलं, विचारतील पाहिलंस का ऐकलंस. ते त्यांनी विचारलं नाही.

"अक्षांश?" त्या म्हणाल्या.

"सोळा, टीचर. उत्तर." माझा आवाज रस्त्यापलीकडे गेला असावा, कारण समोरच्या झाडावरचा कावळा उडाला. "आपल्याच रेषेवर."